स्क्रूचा अर्धा फेरा

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी ग्राइंडरनं मला झटका दिला. उडदाच्या पिठात मनगटापर्यंत हात होता, दगड गरगरत होते, आणि करंगळीपासून कोपरापर्यंत काहीतरी सर्रकन गेलं. लोक त्याला मुंग्या म्हणतात. मुंगी बाहेरून चावते. हे आतून होतं, हाडाच्या नळीतून कुणी दोरा ओढून घ्यावा तसं. मी हात उपसला, पिठाचा गोळा फरशीवर पडला, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर मागे वळून दाराकडे बघितलं. झटका दिला ग्राइंडरनं आणि मी बघितलं नवरा कुठे आहे ते. बत्तीस वर्षांची सवय. अंगाला कुठूनही काही लागलं की आधी तो किती लांब आहे हे मोजायचं. तो लांब होता, ओट्यावर पेपर वाचत होता. मी पुन्हा बोट लावलं ग्राइंडरच्या अंगाला. पुन्हा तेच. मग मी गंमत म्हणून तिसऱ्यांदा लावलं, आणि मला जरा बरं वाटलं, कारण हा मार कुठून येतोय ते मला बरोबर ठाऊक होतं.

तोंडानं मी त्याला अहो म्हणते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मनात मात्र तो पहिल्या महिन्यापासून ‘तो’ आहे, आणि इथेही तोच राहील. नाव नाचिमुत्तू. एकदा घेतलं, पुरे झालं. पीळमेडूच्या पंप कारखान्यात तो पॅनल खात्याचा फोरमन होता, साठ माणसं हाताखाली, खिशाला पेन आणि टेस्टर शेजारी शेजारी. मी आमच्याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये वायंडिंग करते. आम्ही अकरा बायका पंपाच्या मोटारींच्या पोटात तांब्याची तार भरतो. कोइंबतूरचं पाणी ज्या मोटारी उपसतात त्यातल्या किती माझ्या हातच्या असतील देव जाणे. पण माझ्या कामाला तो काम म्हणत नाही. “बायका तिथं विणकाम करतात,” असं पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे हसतात, आणि मी त्यांना कॉफी देते.

मोटर भरून झाली की तिच्या अंगात करंट उतरतोय का ते बघायला आमच्याकडे एक साधा दिवा असतो, दोन तारा लोंबणारा. दुसऱ्या दिवशी तो फिरायला गेल्यावर मी तो दिवा पदराखाली घालून घरी आणला. ग्राइंडरच्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत तारा घातल्या, दिवा पेटला. मग एक तार वरच्या मोठ्या भोकात घातली, अर्थच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेच्या. दिवा पेटला नाही. बस. इतकंच होतं. सॉकेटच्या मागे अर्थची तार ज्या स्क्रूखाली दाबलेली असते तो ढिला झाला होता. कुणाची चूक नाही. तांबं मऊ असतं, वर्षानुवर्षं दाबाखाली बसत जातं, चपटं होतं, आणि स्क्रू सैल पडतो. प्लेट उघडायची, स्क्रूला अर्धा फेरा द्यायचा, प्लेट लावायची. चहा गाळायला जास्त वेळ लागतो.

पण त्या प्लेटच्या दोन्ही स्क्रूंवर लाल ठिपका होता. कारखान्यात एखादा स्क्रू आवळून तपासून झाला की त्यावर लाल रंगाचा ठिपका देतात, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. नंतर कुणी हात लावला तर ठिपका तुटतो आणि लगेच कळतं. घर बांधलं तेव्हा सगळं वायरिंग त्यानं स्वतः केलं आणि घरातल्या प्रत्येक स्क्रूवर असा ठिपका दिला. न्हाणीत, माजघरात, देवघरात. एकोणीस वर्षं मी त्या लाल डोळ्यांच्या घरात राहत होते. एकदा पंख्याचं बटण अडकलं म्हणून मी सुरीच्या टोकानं जरा हलवलं होतं, तर संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं ठिपका बघितला. मला अजून आठवतं, त्यानं आधी चपला नीट जोडून ठेवल्या. मग आला.

तरी मी सांगितलं. जेवताना सांगितलं, कारण जेवताना त्याचा उजवा हात भरलेला असतो.

“अहो, ग्राइंडरच्या सॉकेटचा अर्थ सुटलाय बहुतेक.”

“कोण म्हणतं?”

“हाताला लागतंय.”

“ओल्या हातानं धरलं असशील.”

“पिठात हात कोरडा कसा राहील?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. उठला, उष्ट्या हातानंच, डाव्या हातानं टेस्टर काढून ग्राइंडरला लावला. टेस्टरच्या पोटात मंद केशरी उजेड दिसला, विझत्या उदबत्तीएवढा. त्यालाही दिसला, मलाही दिसला. तो बराच वेळ त्या उजेडाकडे बघत उभा राहिला आणि मला क्षणभर त्याची कीव आली, कारण मला कळलं की त्यालाही कळलंय. मग मी मूर्खासारखं बोलून गेले, “स्क्रू जरा बसला असेल. अर्धा फेरा दिला की…”

हात डाव्या बाजूनं आला. त्या बाजूनं मला आवाज येत नाही, नुसता धक्का येतो. “माझ्या हातचा स्क्रू ढिला होत नाही,” तो म्हणाला. “विणकाम करणाऱ्या बायकांनी आता मला अर्थ शिकवायचा.” मग तो पानावर बसला आणि उरलेला ताकभात खाल्ला. माझ्या गालावर त्याच्या बोटांचं ताक होतं. मी ते पुसलं नाही, तसंच वाळू दिलं, रात्री भांडी घासताना ते ओढल्यासारखं लागत होतं आणि मी मुद्दाम तोंड हलवून ते पुन्हा पुन्हा लागू देत होते.

डावा कान गेला तेव्हा पूंगोडी माझ्या पोटात होती. सातवा महिना. कशावरून ते मला आता खरंच आठवत नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टींना कारण असतं आणि ते लक्षात राहतं. कानातून पिवळं पाणी यायला लागलं म्हणून तो स्वतःच मला सायकलवर बसवून इस्पितळात घेऊन गेला, हळू, खड्डे चुकवत. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी विचारलं, “कशानं झालं?” तो माझ्या मागे उभा होता, माझी पिशवी धरून. मी म्हटलं, “न्हाणीत घसरले. पडताना लागलं.” हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आईच्या तोंडून ऐकलं असेल, तिनं तिच्या आईच्या. ते आपोआप आलं, अगदी कोरं, घडी न मोडलेलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. येताना त्यानं मला फुलं घेऊन दिली. पुढे ते वाक्य मी इतक्यांदा वापरलं की त्याची धारच गेली. हनुवटीला वापरलं, मनगटाला वापरलं. आमच्या न्हाणीत कधीच कुणी घसरलं नाही. फरशी त्यानंच बसवलेली, खडबडीत.

निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. साठ माणसं गेली आणि मी एकटी उरले. आठ तासांची फोरमनकी तो आता माझ्यावर करी. डबे कोणत्या क्रमानं, गॅस कोणत्या हातानं. पण त्या थपडेनंतर पाचव्या दिवशी त्यानं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून माजघरात पसरली आणि तीन रंगांच्या पेनांनी रेघा मारायला लागला. वर ठळक अक्षरांत लिहिलं: स्वयंपाकघर ग्राइंडर सुरक्षा पॅनल, सुधारणा शून्य, कारखान्यात पहिल्या आराखड्यावर लिहितात तसं. मी वरून बघितलं. स्क्रूला अर्धा फेरा द्यायचा होता, आणि त्यानं त्याऐवजी एक कारखाना काढायला घेतला होता.

माझं बरण्यांचं फडताळ होतं ते त्यानं घण घालून फोडलं, कारण तिथं लोखंडी पेटी बसायची होती. दोन दिवस घराला नुसता मार बसत होता. भिंतीवर छिन्नी बसली की माझ्या पाठीच्या मणक्यात बसे. विटेचा लाल चुरा पिठात, तांदळात, माझ्या वेणीत. पेटी आली, माझ्या कमरेएवढी उंच, करड्या रंगाची. तिच्यात कॉन्टॅक्टर बसले, खटकन ओढून घेणारे मोठे विजेचे खटके, ज्यांवर कारखान्यातले पंचवीस घोड्यांचे पंप चालतात. दारावर लाल, पिवळा, हिरवा दिवा. भोंगा. किल्ली. खाली रबर लावलेला लाकडी पाट, पाटाखाली खटका. पाटावर मी उभी राहिले तरच हिरवा दिवा लागणार. शेजारी स्टीलच्या दोन पट्ट्या, त्यांवर तळहात ठेवायचा. हात ओला असला तर भोंगा वाजणार. आणि सगळ्यांत शेवटी, पेटीच्या दोन टोकांना दोन मोठी काळी बटणं. दोन्ही एकाच वेळी, दोन हातांनी दाबून धरायची. धरलीत तोवर ग्राइंडर चालणार. एक हात सुटला की बंद.

“आणि पीठ कोण सारणार?” मी विचारलं. “दगड फिरताना पीठ कडेला चढतं. हात घालावाच लागतो.”

“हात घालायचाच नाही, हेच तर सांगतोय.” त्याचे डोळे चमकत होते. मी त्याला इतका खूश पूंगोडीच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. “हात आत जातो म्हणून तर अपघात होतो.”

दोन बटणांची गोष्ट मला माहीत होती. अरुक्काणी नावाची बाई प्रेसवर काम करायची, तिची तीन बोटं पत्र्याबरोबर कापली गेली. त्यानं ती बोटं कापसाच्या बोळ्यात गुंडाळून पळत नेली होती, उपयोग झाला नाही. त्या संध्याकाळी तो घरी आला, त्याच्या सदऱ्याला वाळकं रक्त, आणि बराच वेळ माझा हात हातात घेऊन बोटं मोजत बसला. एक दोन तीन चार पाच. पुन्हा. मी तीस वर्षांत त्याला इतकं मऊ बघितलं नाही. मग मी म्हटलं, जेवून घ्या, रस्सम थंड झालं, आणि त्याच हातानं त्यानं मला भिंतीवर ढकललं. त्यानंतर महिन्याभरात त्यानं प्रेसला दोन बटणं बसवली, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी, आणि कारखान्यानं त्याला प्रमाणपत्र दिलं. ते माजघरात टांगलेलं आहे. खरं सांगायचं तर ती बटणं चांगलीच होती. त्यानंतर तिथं कुणाची बोटं गेली नाहीत. मी त्या प्रमाणपत्रावरची धूळ रोज पुसते आणि मला कधी कळलं नाही की जो माणूस परक्या बाईच्या तीन बोटांसाठी महिनाभर झोपला नाही त्याला घरातला कान का दिसला नाही.

शेजारची रुक्मिणीअक्का पेटी बघायला आली. सगळी गल्लीच आली एकेक करून. अक्का दोन्ही बटणं दाबून उभी राहिली, पाटावर, हात फैलावून. “अगं तुळसी,” ती म्हणाली, “आता नाक खाजलं तर काय करायचं गं?” मी हसले. तो माजघरात होता, तरी हसले. जावई दंडपाणी डिप्लोमा झालेला, तो आला तेव्हा पेटीचं दार उघडून बघतच राहिला. “मामा, इडली करायचीय की रॉकेट सोडायचंय?” मग हळूच म्हणाला, “मामा, नुसता सॉकेट उघडून बघितला असता तर…” त्यानं जावयाकडे असं बघितलं की दंडपाणीनं वाक्य गिळलं आणि वर पाणी प्यायला. पूंगोडी मला बाजूला घेऊन म्हणाली, “अम्मा, पिठाचं पाकीट आण ना दुकानातून. सगळं जग आणतं. कशाला वाढवतेस?”

वाढवत मी नव्हते. पण पाकीट मी आणलं नाही, आणि का आणलं नाही ते तिला सांगता आलं नाही. त्या घरात ग्राइंडर ही एकच वस्तू माझी होती. वायंडिंगच्या कमाईतून मी तो घेतला होता, नवऱ्याला न विचारता, आणि घरी येईपर्यंत रिक्षात त्याला मांडीशी धरून बसले होते. त्याच्या पोटातली मोटर मी उघडून बघितली होती. कुण्या बाईनं सुबक भरली होती. मला माझ्याच ग्राइंडरमध्ये माझा हात न बिचकता घालायचा होता. एवढंच. जगात मला दुसरं काही नको होतं, आणि तेवढं सोडून तो मला सगळं द्यायला तयार होता. पिठात हात घालायला नको म्हणून त्यानं मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणली, तिला लाकडी पळी बांधली. पहिल्याच दिवशी पळीनं पाव शेर पीठ छताला मारलं. त्यानं ते लुंगीनं पुसलं आणि कॅलेंडरवर लिहिलं: सुधारणा पाच. मला हसू आलं तर भोंगा वाजला, कारण माझा एक हात बटणावरून सुटला होता. तीन महिने आम्ही इडली खाल्ली नाही.

आणि वीज कुठून घेतली होती त्या पेटीनं? त्याच सॉकेटमधून. तीन पिनांची जाडजूड वायर काढून त्याच भोकांत खोचली होती. प्लेट उघडली असती तर ढिला स्क्रू दिसला असता, आणि दिसला असता तर तो त्याचा झाला असता. लाल ठिपके अभंग होते. त्या अर्धवट सुटलेल्या अर्थवर आता माझ्या कमरेएवढं लोखंड उभं होतं.

नवरात्राच्या आठव्या दिवशी मी पेटी पुसत होते. दार उघडं होतं. दारावरच्या दिव्यांकडे जाणारी तार पेटीच्या पत्र्याच्या धारेवरून जात होती, नुसती, खाली काही न घालता. आमच्या शेडमध्ये नवी पोरगी आली की तिला पहिल्या दिवशी शिकवतात: तार जिथे लोखंडाच्या धारेवरून जाईल तिथे नळी चढव. दार उघडझाप केलं की तार धारेवर घासत होती. वरचं प्लास्टिक पांढरं पडलं होतं, नखानं खरवडल्यासारखं. अजून दहा वेळा, वीस वेळा. मी ते बघितलं. मी फडकं पिळलं, दार लावलं, आणि बोलले नाही. या न बोलण्याला काय म्हणायचं ते म्हणा. मी स्वतःशी असं म्हटलं की टेस्टर लावल्याशिवाय तो कुठल्याही लोखंडाला हात लावत नाही, स्वतःच्या सायकललासुद्धा. ते खरं होतं. तीस वर्षांत मी त्याला टेस्टरशिवाय लोखंड धरताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. हात लावला तर वर्षभराचं काम जातं. माझी वायंडिंगची कात्री, विळी, मुसळ. त्याच्या पकडी, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना ओलं गंध, त्यावर कुंकू. मुसळ मावेना म्हणून स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून ठेवलं होतं. बाहेरच्या मेन स्विचला त्यानं लोखंडी झाकण आणि कुलूप केलं होतं, सुधारणा सहा. त्याची किल्ली झेंडूच्या ढिगाखाली. आणि त्याच्या शेजारी, तबकाच्या मधोमध, गंधाचे तीन पट्टे ओढलेला टेस्टर. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद ठेवतात. पण गल्लीला दिवे दाखवायचे होते, म्हणून पेटी त्यानं चालू ठेवली होती. सकाळपासून प्रत्येक पाहुण्याला दार उघडून दाखवत होता. खटाखट उघडायचं, खटाखट लावायचं. मी मोजत नव्हते. मी पुरण वाटत होते पाट्यावर, आणि माझ्या अंगात एक कान होता तो सगळा त्या दाराकडे लागला होता.

दुपारी सगळे रस्त्यावर गेले कोहळा फोडायला. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवतात, घरावरून ओवाळून रस्त्यावर आपटतात. दंडपाणीच्या हातात कोहळा होता. “मामा, या की!” तो ओरडला. “आलो, पेटीला गंध लावायचं राहिलं,” हा म्हणाला. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. पायात काही नाही. डाव्या हातात ओल्या गंधाची वाटी. मी चुलीपाशी उभी होते. त्याचा उजवा हात खिशाकडे गेला, सवयीनं, टेस्टरसाठी. खिसा रिकामा होता. हात तिथे थांबला. मग त्यानं त्या हातानं पेटीची मूठ धरली.

तो ओरडला नाही. माझं ऐकून घ्या, माणूस ओरडत नाही. मोटारीचा एक फेज गेला की ती फिरत नाही नुसती जागच्या जागी गुरगुरते, आतून तापत जाते, तसा आवाज त्याच्या छातीतून निघाला. हंऽऽऽ. वाटी फुटली. मूठ त्याच्या हातानं धरली होती की मुठीनं त्याचा हात, ते सांगता येत नव्हतं. दंडाच्या शिरा तारांसारख्या वर आल्या. डोळे माझ्याकडे होते. ते डोळे मी ओळखत नव्हते. बत्तीस वर्षांत त्या डोळ्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बाहेर लोक ओरडत होते, फोडा, फोडा. मी उभी राहिले. किती वेळ? एक श्वास. श्वास आत घेतला आणि तो आतच ठेवला, आणि त्या एका श्वासात न्हाणी होती, सायकल होती, जोडून ठेवलेल्या चपला होत्या, वाळलेलं ताक होतं, आणि अगदी तळाशी, माझी बोटं मोजणारा एक हात होता. एक दोन तीन चार पाच.

मी मुसळ उचललं. देवापुढचं, गंधाचं. ओल्या फरशीवरून त्याच्या पाटावर चढले, त्यानंच बनवलेल्या, रबराच्या. पाटाखालचा खटका दाबला गेला आणि पेटीवर हिरवा दिवा लागला. तयार. मी दोन्ही हात वर नेले. मुसळ त्याच्या मनगटावर घातलं, सगळ्या अंगाचा जोर लावून. हाड वाजलं. मूठ सुटली, तो मागे कोसळला, भिंतीला घसरत खाली बसला आणि एकदम श्वास आत ओढला, नव्या पोरासारखा. तो सुटला होता. जिवंत होता. काम झालं होतं.

मग मी पाटावरून उतरले आणि दुसरा मारला. खांद्यावर. हा विजेसाठी नव्हता. त्यानं डोळे उघडले आणि बघितलं, पूर्ण शुद्धीत, आणि त्याला कळलं, मला दिसलं की त्याला कळलं. त्यानं चांगला हात डोक्यावर धरला, कोपर पुढे, हनुवटी छातीशी. मी ते ओळखलं. तसं मी बसते. तिसरा मी बरगडीवर घातला. चौथा उचलला होता, तेव्हा बाहेर कोहळा फुटला, मोठ्यानं, आणि माझ्या एका कानातून तो आवाज असा आत गेला की हात खाली आला. बाहेर टाळ्या वाजल्या. दारातून दंडपाणी आला, त्याच्या पायांवर कुंकवाचं लाल पाणी उडालेलं. त्याला दिसलं ते एवढंच: खाली सासरा, हातात मुसळ घेतलेली सासू, आणि हिरवा दिवा.

“मामींनी वाचवलं!” तो ओरडला. “पेटीला कुणी हात लावू नका! मामींनी मुसळानं सोडवलं!”

सगळी गल्ली आत आली. रुक्मिणीअक्कानं मला कवटाळलं. “कुठून सुचलं गं तुला? मी असते तर धरायला गेले असते आणि मीही चिकटले असते.” पूंगोडी रडत माझ्या पाया पडली. त्याला रिक्षात घालून नेला. मी मुसळ धुतलं नाही. पुन्हा चौकटीला टेकवलं.

हृदयाचे ठोके बघायचे म्हणून रात्रभर त्याला इस्पितळात ठेवला, पूंगोडी थांबली. मी घरी झोपले आणि मेल्यासारखी झोपले. सकाळी दसरा. दसऱ्याला प्रत्येकानं आपलं हत्यार उचलून थोडं तरी काम करायचं असतं. मी आंघोळ केली, मेन स्विचचं कुलूप काढून वीज बंद केली, तबकातून स्क्रूड्रायव्हर उचलला. पेटीची वायर उपटली. सॉकेटच्या प्लेटवरचे दोन्ही लाल ठिपके तुटले, बारीक टवका उडाला, माझ्या नखाखाली गेला. आत अर्थची तार स्क्रूखाली लोंबत होती, बोट लावलं तर हलली. अर्धा फेरा. खरं तर अर्ध्यालाही जरा कमी. मग वीज सुरू करून शेडमधला दिवा लावून बघितला. पेटला. मी तांदूळ आणि उडीद भिजत घातले, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, उपमा केला आणि डबा घेऊन इस्पितळात गेले.

तेच इस्पितळ. म्हातारे डॉक्टर केव्हाच गेले, आता एक तरुण बाई आहे, जुळलेल्या भुवयांची. तिनं त्याचा सदरा वर केला. मनगटाला प्लास्टर, खांद्यावर काळानिळा पट्टा, बरगडीवर तसाच दुसरा. मुसळाच्या रुंदीचे, दोन्ही. तिनं एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याला विचारलं, “मनगटाचं समजलं मला. हे कशानं झालं?”

मी पलंगाच्या मागे उभी होते, त्याची पिशवी धरून. दंडपाणी होता, पूंगोडी होती. तो छताकडे बघत होता. त्यानं एकदा ओठ ओले केले. मी उजवा कान पुढे केला.

“घसरलो,” तो म्हणाला. “फरशी ओली होती. पडताना लागलं.”

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.